उशीर कमी करण्यासाठी

दांडीत कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला की गावात पहिला प्रश्न उपचाराचा नसतो, कारणाचा असतो. हे झालं कशामुळे? उत्तरंही लगेच येतात. वयस्कर मंडळी म्हणतात, जन्मभर बिड्या ओढल्या, दुसरं काय होणार. तरुण पोरं बोईसरकडे हात करतात, तारापूर एमआयडीसीच्या धुराड्यांकडे. मग कुणीतरी आवाज खाली आणून अणुवीज केंद्राचं नाव काढतं. ज्याच्या छातीत गाठ आहे तो माणूस ओटीवर बसून हे सगळं ऐकत असतो. कारणाची चर्चा रंगते, बायोप्सीची तारीख पुढे जाते, आणि त्याच्या हातचे आठवडे निघून जातात.

हे पुस्तक त्या आठवड्यांसाठी आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दल गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे कळलं, ते वाचताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसत राहिली. या आजारात ठिकठिकाणी उशीर होतो. कारण ओळखायला जगाला उशीर झाला. खोकल्याचा अर्थ लावायला दवाखान्याला उशीर होतो. रुग्णाला खरं सांगायला घरच्यांना उशीर होतो, आणि त्याच्या वेदनेकडे बघायला सगळ्यांनाच. यातला काही उशीर आपल्या हातातला नाही. पण बराचसा आहे, आणि तो माहितीनं कमी होतो अशी माझी खात्री आहे.

आधी जागेबद्दल, कारण जागा बाजूला ठेवून दांडीच्या माणसाशी या विषयावर बोलताच येत नाही. पालघर तालुक्यातलं हे समुद्रकाठचं गाव. मासेमारी, सुकी मासळी आणि गेल्या दोन पिढ्यांत कारखान्यातली पाळी, यावर इथली घरं चालतात. १९६९ पासून शेजारी तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र वीज तयार करतं आहे. पुढं सत्तरच्या दशकात बोईसरलगत औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तिथलं सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्याकडे येऊ लागलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशभरातल्या औद्योगिक क्षेत्रांचं मूल्यांकन केलं, त्यात तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ आला, सगळ्यांत वर. त्याआधीच इथल्या मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद या पाण्याचा प्रश्न घेऊन राष्ट्रीय हरित लवादात गेली होती. म्हणजे इथल्या माणसानं हवेकडे आणि पाण्याकडे संशयानं पाहावं, याला सबळ कारण आहे. तो संशय अडाणीपणाचा आहे असं जे शहरातून येऊन सांगतात, त्यांच्याशी मी सहमत नाही.

पण संशयाचं उत्तर मोजणीतूनच मिळतं, आणि या आजाराचा इतिहास हेच सांगतो.

शंभर वर्षांपूर्वी हा आजार डॉक्टरांच्याही फारसा ओळखीचा नव्हता. न्यूयॉर्कच्या आयझॅक ॲडलर यांनी १९१२ मध्ये फुप्फुसाच्या गाठींवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, तेव्हा इतक्या दुर्मीळ आजारावर पुस्तक कशाला, याचं स्पष्टीकरण त्यांना सुरुवातीलाच द्यावं लागलं. त्याच्याही आधी, १८७९ मध्ये, जर्मनीतल्या श्नीबेर्गच्या खाणमजुरांच्या फुप्फुसांत गाठी होतात हे हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं होतं. त्यामागे खाणीत साठणारा रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू होता, हे उमगायला आणखी अनेक दशकं गेली. पहिल्या महायुद्धानंतर सिगारेट घरोघर पोचली आणि वीस-पंचवीस वर्षांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे आकडे चढू लागले. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांत जाऊन रुग्णांच्या सवयी विचारायला सुरुवात केली, तेव्हा डॉल यांचा संशय तंबाखूवर नव्हताच. त्यांना वाटत होतं, नव्यानं डांबरी झालेले रस्ते आणि मोटारींचा धूर यातून हे येत असावं. दांडीच्या तरुण पोरांसारखाच त्यांचा तर्क होता. मोजणी झाली आणि उत्तर तंबाखू निघालं. अभ्यास चालू असतानाच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली. १९५० मध्ये त्यांचा निबंध छापून आला.

त्याच वर्षी अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी तोच निष्कर्ष मांडला. यातले एव्हर्ट्स ग्रॅहम म्हणजे १९३३ मध्ये कॅन्सरसाठी एका बाजूचं अख्खं फुप्फुस एका शस्त्रक्रियेत काढून रुग्ण वाचवणारे शल्यविशारद. तो रुग्ण, जो स्वतः डॉक्टर होता, पुढं जवळजवळ तीस वर्षं जगला. ग्रॅहम मात्र वर्षानुवर्षं सिगारेट ओढत होते. त्यांनी ती सोडली, पण उशिरा, आणि १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्याच कॅन्सरनं गेले.

आपल्याकडे ही मोजणी मुंबईत सुरू झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीनं १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी उभी केली, देशातली पहिली. तिच्यामागे डॉ. डी. जे. जस्सावाला होते. त्या नोंदींच्या आधारे १९७९ मध्ये त्यांनी मुंबईतल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज त्यात टिकला नाही. खेड्यात अशी नोंदणी जमणारच नाही असं तेव्हा म्हटलं जायचं. १९८७ मध्ये बार्शीत ती जमली. गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी ती जमवली. औद्योगिक पट्ट्यातल्या प्रत्येक गावाला आपल्या आजारांची अशी वर्षानुवर्षांची मोजदाद मिळावी, आणि ती गावकऱ्यांना वाचता येईल अशा मराठीत मिळावी, ही मागणी पुस्तकाच्या विषयाबाहेरची वाटेल. मला ती अगदी आतली वाटते.

तंबाखूचं उत्तर मिळालं म्हणून हवेचा प्रश्न संपला नाही. १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी दाखवलं की नवऱ्यानं ओढलेल्या सिगारेटींचा धोका कधीच न ओढणाऱ्या बायकोलाही पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि २०१३ मध्ये बाहेरची प्रदूषित हवा, दोन्ही कॅन्सरच्या खात्रीशीर कारणांच्या यादीत घातली. ॲस्बेस्टॉस त्या यादीत आधीपासून होतंच. ॲस्बेस्टॉसमध्ये काम करणारा माणूस बिडीही ओढत असेल, तर दोन धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, ते एकमेकांना वाढवतात. म्हणजे डॉल यांचा पहिला संशयही अगदीच वाया गेला नाही. त्याला मान्यता मिळायला ६३ वर्षं लागली, एवढंच.

तेव्हा ओटीवरच्या वादात दोन्ही बाजूंकडे सत्याचा भाग आहे. मात्र एका माणसाच्या गाठीकडे पाहून ही बिडीची, ही धुराड्याची, असं कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. गावाचा प्रश्न वेगळा आणि रुग्णाचा वेगळा. गावाचा प्रश्न लवादात, ग्रामसभेत, प्रदूषण मंडळाच्या दारात लढायचा. रुग्णाचा प्रश्न उद्या सकाळी कुठल्या गाडीनं जायचं हा आहे, आणि पहिला सुटेपर्यंत दुसरा थांबवून चालत नाही. बिडीवरून रुग्णाला बोल लावण्यातही काही हशील नाही. त्याला ते माहीत असतं. बोल लावल्यानं तो खोकला लपवतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत फुप्फुसाच्या कॅन्सरचे निम्म्याच्या आसपास रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले होते. चुलीपुढं आयुष्य गेलेली एखादी काकी, जिनं बिडी कधी हातात धरली नाही, ती या आजारानं आजारी पडते तेव्हा शेजारणी दबक्या आवाजात विचारतात, चोरून ओढायची का गं? हा प्रश्न तिच्या कानावर गेल्याशिवाय राहत नाही.

आता खोकल्याकडे येतो. या पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा भाग कुठला असं कुणी विचारलं, तर मी क्षयरोगाचा सांगेन.

आपल्याकडे दोन-तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन आणि एक्स-रेवर डाग, एवढं दिसलं की टीबी. असं वाटणं चूक नाही. आपल्या देशात टीबी आहेच एवढा, आणि पालघरसारख्या जिल्ह्यात, जिथे कुपोषणही आहे आणि दाटीवाटीच्या कामगारवस्त्याही आहेत, तिथे डॉक्टरनं पहिला विचार टीबीचाच करायला हवा. अडचण पुढं होते. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी डागावरून औषधं सुरू होतात. गोळ्या सहा महिन्यांच्या. पहिल्या महिन्यात फरक पडत नाही, तेव्हा घरचे म्हणतात, कोर्स पुरा झाला पाहिजे, मध्येच सोडायचा नाही. टीबीच्या बाबतीत हा सल्ला सोळा आणे खरा आहे. पण आजार जर कॅन्सर असेल, तर तीच शिस्त घात करते. रुग्ण इमानेइतबारे गोळ्या घेतो आणि गाठ त्या काळात एका फुप्फुसातून दुसऱ्यात, हाडात, मेंदूत जाते. आपल्या देशात बहुसंख्य रुग्णांचा आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोचल्यावरच कळतो, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे.

यावर उपाय औषधं मनानं सोडणं हा नाही. तसं करणारा स्वतःचंही नुकसान करतो आणि घरच्यांचंही. उपाय आहे योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणं. थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी झाली का? त्यात जंतू सापडले का? सापडले नसतील, तर टीबी कशावरून ठरवला? महिना-दीड महिना औषध घेऊनही खोकला, वजन, एक्स-रे यांत फरक नसेल, तर सीटी स्कॅन कधी करायचा? हे प्रश्न उद्धट नाहीत. चांगला डॉक्टर ते ऐकून नाराज होत नाही. थुंकीतून रक्त पडणं, आवाज बसून तो न सुटणं, खांद्यात न थांबणारी कळ, चेहरा आणि मान सुजणं, बोटांची टोकं फुगून नखं गोल होणं, ही लक्षणं दिसली तर प्रश्न आणखी लवकर विचारावेत. एकाच माणसाला टीबी आणि कॅन्सर दोन्ही असू शकतात, हेही ध्यानात ठेवावं.

अमेरिकेत २०११ मध्ये एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं की बराच काळ भरपूर धूम्रपान केलेल्यांचा दर वर्षी कमी मात्रेचा सीटी स्कॅन केला, तर या कॅन्सरनं होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होतात. त्या अभ्यासात ५३ हजारांवर माणसं होती. मग आपल्याकडे ते का करत नाहीत, असं सुशिक्षित वाचक हमखास विचारतो. आपल्या फुप्फुसांवर जुन्या टीबीचे व्रण इतके असतात की स्कॅनवर डाग पुष्कळांना दिसेल, आणि त्यातल्या बहुतेकांना कॅन्सर नसताना सुईच्या तपासण्यांतून जावं लागेल. म्हणून आपल्याकडे खोकल्याबद्दलची जागरूकता हीच सध्या खरी चाळणी.

निदानानंतर उपचारांच्या परंपरा येतात, आणि त्या एकमेकींवर कुरघोडी करत वाढल्या आहेत. सर्वांत जुनी शस्त्रक्रियेची. गाठ लहान असेल, एका जागी असेल, तर आजही तिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. दुसरी किरणोपचाराची, आणि तिचा आपल्या भागाशी नातं सांगणारा एक धागा आहे. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे, कारण कॅन्सरच्या उपचारात किरणांचं मोल होमी भाभांनी ओळखलं होतं. तारापूरचं केंद्र त्याच विभागाच्या छत्राखाली उभं राहिलं. म्हणजे दांडीचा माणूस घरातून ज्या खात्याच्या चिमण्या भीतीनं पाहतो, त्याच खात्याच्या रुग्णालयात होमी भाभा ब्लॉकच्या रांगेत तो बरं व्हायला उभा राहतो. अक्करपट्टी आणि पोफरण या गावांनी त्या केंद्राच्या विस्तारासाठी आपली जागा सोडली, हेही याच गोष्टीत मांडायला हवं. यातली भीती आणि उपकार एकमेकांना खोडत नाहीत. दोन्ही खरे आहेत.

तिसरी परंपरा केमोथेरपीची. प्लॅटिनमची संयुगं अजूनही तिचा कणा आहेत. फुप्फुसाच्या कॅन्सरचे दोन मोठे प्रकार पडतात: सुमारे १५ टक्के लहान पेशींचा, जो वेगानं पसरतो आणि केमोला सुरुवातीला चटकन दाद देतो, उरलेला सुमारे ८५ टक्के इतर पेशींचा, ज्यात आपल्याकडे आता ॲडेनोकार्सिनोमा हा उपप्रकार पुष्कळ दिसतो. पूर्वी एवढी विभागणी पुरत असे. २००४ मध्ये चित्र पालटलं. काही रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बिघाड असतो, पेशीला वाढ वाढ असा निरोप देणारं बटण दबलेलंच राहतं, आणि ते बटण सोडवणारी गोळी अशा रुग्णांना नेमकी लागू पडते, हे त्या वर्षी उलगडलं. भारतीय रुग्णांत साधारण चौघांत एकाला हा बिघाड सापडतो. पाठोपाठ २००७ मध्ये जपानी संशोधकांनी एएलके हा दुसरा बिघाड शोधला. आज त्यावरच्या लोरलॅटिनिब या नव्या गोळीनं चौथ्या टप्प्यातले ६० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही आजार न वाढता राहिल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. चौथ्या टप्प्याच्या या आजाराबद्दल असं वाक्य वीस वर्षांपूर्वी कुणी लिहू धजलं नसतं.

म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की तो घडी घालून फाइलमध्ये टाकू नये. त्यावर पेशींचा प्रकार लिहिलेला असतो. त्याखाली टीटीएफ-१, पी४० अशा खुणा असतात, ज्यांवरून तो प्रकार ठरला. आणि जनुकांची तपासणी झाली असेल तर ‘ईजीएफआर एक्झॉन १९ डिलीशन, पॉझिटिव्ह’ अशी एखादी ओळ असते. ही ओळ वाचून घरची माणसं घाबरतात, पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच, असं आपण एचआयव्हीपासून कोविडपर्यंत शिकलो आहोत. इथे ती बातमी चांगली असते. इंजेक्शनांच्या आधी गोळी हाताशी आहे, असा तिचा अर्थ. ही तपासणी झालीच नसेल, तर ती का नाही झाली, हे विचारायला हवं.

या गोळीतही मुंबईनं भर घातली आहे. ईजीएफआरच्या बिघाडावरची गेफिटिनिब ही गोळी नुसती द्यावी की तिच्या जोडीला केमोही द्यावी, याचा ३५० रुग्णांवरचा अभ्यास टाटा रुग्णालयात झाला. डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१९-२० मध्ये मांडला. नुसत्या गोळीवर आजार सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला, जोडीनं १६ महिने. त्रासही वाढला, हे त्यांनी लपवलं नाही. आपल्या खिशाला परवडेल अशा औषधांतून जास्त काय काढता येईल, असा प्रश्न विचारणारं हे संशोधन मला फार मोलाचं वाटतं. रोगप्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या इम्युनोथेरपीला २०१८ मध्ये ॲलिसन आणि होंजो यांच्या रूपानं नोबेल मिळालं, पण तिच्या पूर्ण मात्रेचा खर्च आपल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. टाटाच्याच डॉक्टरांनी तोंड आणि घशाच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची अगदी लहान मात्रा, २० मिलिग्रॅम, वापरून पाहिली आणि जगणं वाढल्याचं दाखवलं. फुप्फुसाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. तरी मात्रा किती हा प्रश्न विचारायचं धाडस इथूनच झालं.

चौथी परंपरा वेदनाशमनाची, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची. तिला सर्वांत शेवटी बोलावतात आणि तिथंच मोठी चूक होते. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्यात सुरू झालं. पण ‘आता काही उरलं नाही’ असं झाल्यावर जायची जागा, हीच तिची ओळख राहिली. २०१० मध्ये अमेरिकेत जेनिफर टेमेल यांनी चौथ्या टप्प्यातल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास मांडला. ज्यांना पहिल्या दिवसापासून नेहमीच्या उपचारांसोबत वेदनाशमनाची साथ मिळाली, त्यांचं मन जास्त शांत राहिलं, शेवटच्या काळात त्यांच्यावर जड उपचार कमी झाले, आणि तरी ते जास्त जगले: ११.६ महिने, इतरांचे ८.९. मॉर्फिनचं भय आपल्याकडे अजून मोठं आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं ते मिळणंच अवघड करून ठेवलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट थोडी मोकळी झाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिननं वेदना आणि धाप दोन्ही कमी होतात, माणूस त्यानं व्यसनी होत नाही, हे या पुस्तकात जितक्या स्पष्टपणे सांगितलं आहे, तितकं मराठीत सहसा सांगितलं जात नाही.

आता जगण्याबद्दल. बोईसरहून पहाटेच्या गाडीत कॅन्सरचे रुग्ण ओळखू येतात. सीटी स्कॅनच्या फिल्मची मोठी पिशवी असते, ती दुमडता येत नाही आणि गर्दीत सांभाळताही येत नाही. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, त्यामुळे विरारला गाडी बदलायचा त्रास वाचला. तरी दादर दोन तासांवर आहेच, आणि केमो घेऊन परतताना ते दोन तास फार लांब होतात. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला प्रमाणपत्रावर बसता येतं, हे अनेकांना सहा-सहा महिने माहीत नसतं. रोज किरणोपचार असतील तर ये-जा करण्यापेक्षा मुंबईत राहावं लागतं. त्यासाठी दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कागद कुणाकडे द्यायचे, हे पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारावं, बिल झाल्यावर नव्हे.

घरी आल्यावरचे प्रश्न लहान दिसतात, पण माणसाचा दिवस त्यांवरच ठरतो. कॅन्सर झाला की मासळी बंद, असं कुणीतरी सांगून जातं आणि जन्मभर मासे खाल्लेल्या माणसापुढं मुगाचं पाणी येतं. उपचारांत शरीराला प्रथिनांची गरज वाढते. ताजी, नीट शिजवलेली मासळी ही दांडीच्या घरात सर्वांत सहज मिळणारी प्रथिनं. शिळं आणि कच्चं तेवढं टाळायचं. गोळीनं चेहऱ्यावर पुरळ येतं, नखांच्या कडा दुखतात, जुलाब होतात. यावर उपाय आहेत, गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. धाप लागली तर पुढं टेबलावर किंवा उशीवर रेलून बसावं, ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडावा, चेहऱ्यासमोर हातपंखा धरावा. छातीत पाणी झालं असेल तर ते काढल्यावर माणूस त्याच दिवशी मोकळा बोलू लागतो. केमोनंतर १००.४ च्या वर ताप गेला, तर सकाळची वाट न बघता जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं आणि केमो चालू आहे हे आधी सांगायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना एका रात्रीत जीव जाऊ शकतो. आणि बिडी अजून चालू असेल, तर निदानानंतरही ती सोडण्याचा फायदा होतो. आता सोडून काय उपयोग, हे खरं नाही.

राहिला सांगण्याचा प्रश्न. “बाबांना काही सांगू नका हं,” असं मुलगा केबिनबाहेर डॉक्टरांना गाठून सांगतो. त्याच्या मनात माया असते. पण ज्याला टाटाला नेलं आहे, ज्याच्या भोवती केस गेलेली माणसं बसली आहेत, त्याला कळत नाही असं समजणं हा त्याचा अपमान आहे. तो विचारत नाही, कारण मुलाला त्रास होईल असं त्यालाही वाटतं. दोघं एकमेकांना सांभाळत गप्प राहतात. होडी कुणाच्या नावावर करायची, धाकटीचं लग्न आधी उरकायचं का, घरीच राहायचं की रुग्णालयात, हे सगळं मग दुसरीच माणसं ठरवतात. हळूहळू, तो जितकं विचारेल तितकंच, पण खरं सांगावं, असं मला वाटतं. पुस्तकात याच्या उलट मत मांडणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं काटछाट न करता दिलं आहे.

कॅन्सरवर इंग्रजीत मोठी पुस्तकं आहेत. सिद्धार्थ मुखर्जींच्या ग्रंथाला २०११ चं पुलित्झर मिळालं. पॉल कलानिधी हा तरुण मेंदूशल्यविशारद फुप्फुसाच्याच कॅन्सरनं गेला आणि त्याच्या मागून २०१६ मध्ये आलेलं त्याचं पुस्तक जगभर वाचलं गेलं. दोघेही डॉक्टर होते, रुग्णालय त्यांचं घर होतं. आमचा वाचक वेगळा आहे. त्याला ओपीडीत चार मिनिटं मिळतात, रिपोर्ट इंग्रजीत असतो, आणि परतीची गाडी ठरलेली असते. त्याच्यासाठी या पुस्तकानं दोन कामं अंगावर घेतली आहेत: आजाराचं शास्त्र पूर्णपणे मराठीत मांडणं, आणि ते मांडताना काहीही गोड करून न सांगणं. जिथे बरं होण्याची आशा आहे तिथे ती आकड्यांसह सांगितली आहे. जिथे आयुष्य वाढवता येतं, पण आजार जात नाही, तिथे तसंच म्हटलं आहे. रुग्णांची आणि त्यांना सांभाळणाऱ्यांची बोलणी नावं गाळून त्यांच्याच शब्दांत ठेवली आहेत, कारण औषधांची नावं दर दोन वर्षांनी बदलतील, पण ही बोलणी बदलणार नाहीत. पारंपरिक औषधांवरचा भाग काहींना कडक वाटेल. काढे आणि चूर्णं यांच्या भरवशावर पहिला टप्पा चौथ्यात गेलेला पाहिल्यावर यापेक्षा मऊ लिहिता येत नाही.

आणि हे आत्ता का? २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात जगात सुमारे २५ लाख माणसांना हा कॅन्सर झाला आणि १८ लाख गेली. भारतात नवे रुग्ण ८१ हजारांवर होते. आकडे वाढत आहेत, पण औषधंही कधी नव्हती इतकी आहेत, आणि त्यांतली बरीच जेनेरिक स्वरूपात इथेच बनतात. उपाय हाताशी आले असताना केवळ वेळेत न पोचल्यामुळे माणसं जात आहेत. पालघर हा २०१४ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा मुंबईकडचं धावणं कमी होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. गाठीतून सुईनं तुकडा घेण्याची आणि वेदनेसाठी मॉर्फिन मिळण्याची सोय जिल्ह्यातच झाली, तर परळचे कितीतरी खेटे वाचतील. हे पुस्तक जिल्हा परिषदेच्या आणि आरोग्य खात्याच्या टेबलावरही जावं अशी संपादकांची इच्छा आहे. माझीही आहे.

पुस्तक वाचून कुणी आपलं आपण औषध ठरवू नये. ते दवाखान्यात सोबत न्यावं, त्यात पेन्सिलीनं खुणा कराव्यात, प्रश्न लिहून काढावेत आणि डॉक्टरांपुढं ठेवावेत. ज्याला तीन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, त्यानं मात्र आधी आरोग्य केंद्रात जाऊन थुंकी तपासायला द्यावी आणि छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. पुस्तक परत आल्यावर वाचलं तरी चालेल.